वापरलेले पीसीपी एअर पिस्तूल: हवा कशी भरावी आणि जुळणी किती करावी

ताई, तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतर पालकांनाही ते आपल्याला लागू पडते की नाही हे ठरवता येईल. तुम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहता. तुमची सोळा वर्षांची मुलगी १० मीटर एअर पिस्तूल शिकते आहे आणि तिच्यासाठी तुम्ही एका ज्येष्ठ नेमबाजाकडून वापरलेले पीसीपी, म्हणजे आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारे, पिस्तूल घेतले आहे. त्यात २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) हवा भरतात आणि प्रत्येक गोळीला सारखा दाब देणारा रेग्युलेटर आहे. रेंजवरची हवेची टाकी आठवड्यातून दोनच दिवस मिळते, त्यामुळे घरी हवा भरण्याची सोय कमी खर्चात कशी करावी, हा पहिला प्रश्न. दहा मिनिटे थांबून मारलेली पहिली गोळी एक वर्तुळ वर जाते, तर रेग्युलेटर बिघडला आहे का, हा दुसरा. आणि एका ओळखीच्या गृहस्थांनी हॅमरची, म्हणजे हवेची झडप ठोकून उघडणाऱ्या भागाची, स्प्रिंग आवळून वेग वाढवण्याचा सल्ला दिला आहे, तो मानावा का, हा तिसरा.

तिसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर तुमचा खर्च ठरणार आहे: स्प्रिंगला हात लावू नका. या खेळात जुळणी म्हणजे प्रत्येक गोळी मागच्या गोळीसारखी सुटावी एवढी व्यवस्था, ताकद वाढवणे नव्हे. थोडा हिशेब केला की ते स्पष्ट होईल. स्पर्धेच्या पिस्तुलातून गोळी साधारण १५० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. हवेचा अवरोध बाजूला ठेवला तर १० मीटर जायला तिला सुमारे ०.०६७ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती जवळपास २२ मिलिमीटर खाली येते. आता समजा वेग १५० ऐवजी १४७ झाला, तर ती आणखी जेमतेम १ मिलिमीटर खाली लागेल. आपल्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळाचे अंतर ८ मिलिमीटर असते. म्हणजे वेगातल्या ३ मीटरच्या फरकाने एका गुणाचा आठवा भागही जात नाही. याउलट फोरसाइट (पुढची माशी) आणि बॅकसाइट (मागची खाच) यांच्यामधले अंतर ३३० मिलिमीटर धरले, तर फोरसाइट खाचेत फक्त पाव मिलिमीटर बाजूला सरकली तरी लक्ष्यावर साडेसात मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ पूर्ण एका गुणाचा फरक पडतो. बोटाने ट्रिगर हिसकल्यावर होणारी चूक याहून मोठी असते. म्हणून पैसा आधी कोरड्या हवेवर, मग सीलवर, मग ग्रिपवर खर्च करावा. वेगावर एक रुपयाही नको.

याच हिशेबात दुसऱ्या प्रश्नाचेही अर्धे उत्तर आहे. पहिली गोळी केवळ वेग वाढल्यामुळे ८ मिलिमीटर वर जायची असेल, तर तिचा वेग १५० वरून १८८ च्या आसपास जायला हवा. रेग्युलेटर हळूहळू गळून पुढच्या कप्प्यातला दाब थोडा चढतो, याला रेग्युलेटर सरकणे म्हणतात, आणि जुन्या पिस्तुलात तो दोष असतोही. पण त्याने वेग इतका वाढत नाही. वाढलाच, तर सुटतानाचा आवाज कानाला वेगळा जाणवेल. तेव्हा रेग्युलेटर उघडण्याआधी दोन गोष्टी करा. बॅकसाइटचे आणि नळीचे स्क्रू सैल नाहीत ना, हे पाहा. नंतर तिच्या प्रशिक्षकांना तेच पिस्तूल दहा-दहा मिनिटांच्या अंतराने पाच वेळा चालवायला सांगा. त्यांच्या हातून गोळी वर जात नसेल, तर विश्रांतीनंतर मुलीची मूठ दर वेळी थोडी वेगळी बसते आहे आणि तो सरावाचा प्रश्न आहे. माझ्याकडे अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे उत्तर मुठीतच सापडले आहे.

आता हवेकडे वळू, पण त्याआधी पिस्तुलाला जोडलेल्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार हवेचा सिलिंडर उत्पादनाच्या तारखेपासून जास्तीत जास्त १० वर्षे वैध असतो आणि ती वैधता सांभाळण्याची जबाबदारी खेळाडूची असते. तारीख सिलिंडरवरच कोरलेली असते. वापरलेले पिस्तूल स्वस्त मिळते त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. पिस्तूल उत्तम असते आणि सिलिंडर मुदतीबाहेर गेलेला असतो. तसे असेल तर तुमच्या अंदाजपत्रकातली पहिली रक्कम नव्या सिलिंडरची धरा आणि जुन्यात हवा भरू नका. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या सिलिंडरच्या आतली स्थिती डोळ्यांना दिसत नाही.

घरी हवा भरण्यासाठी, एकाच पिस्तुलाचा प्रश्न असेल तर, तीन टप्प्यांचा हातपंप पुरेसा आहे. सिलिंडरची आतली जागा १०० घनसेंटिमीटर धरली, तर ७० बारपासून २०० बारपर्यंत जाण्यासाठी बाहेरची १३ लिटर हवा आत दाबावी लागते. माझ्या पंपाला त्यासाठी सव्वाशेच्या आसपास दांडे मारावे लागतात. शेवटचे चाळीस दांडे हलक्या वजनाच्या मुलामुलींना फार जड जातात आणि मग ती दांडा अर्धवट खेचतात, त्याने हवा कमी जाते आणि पंप जास्त झिजतो. यावर सोपा उपाय आहे. रोजच्या सरावासाठी १५० बारवर थांबा. पूर्ण भरणीत १६० गोळ्या निघत असतील, तर १५० बारमध्ये शंभराच्या आसपास निघतात आणि रेग्युलेटर असल्यामुळे त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच वेगाने जातात. स्पर्धेत ६० गोळ्या आणि आधीच्या सरावाच्या गोळ्या लागतात. तेवढ्याला हे पुरते. दांडा पूर्ण वर न्यावा, अंगाचा भार देऊन पूर्ण खाली आणावा आणि खाली क्षणभर थांबावे, म्हणजे शेवटच्या टप्प्यातली हवा पुढे सरकते. पन्नास दांड्यांनंतर पंपाचा खालचा स्क्रू सोडून पाणी आणि दाब बाहेर काढावा आणि पंप हाताला कोमट लागेनासा होईपर्यंत थांबावे. घाई केली की पंपाची सील आधी जातात.

मुलगी एकटी नसेल, रेंजवरची तीन-चार कुटुंबे एकत्र येत असतील, तर मात्र सामायिक टाकी घेणे एकूण हिशेबात स्वस्त पडते. १२ लिटरची टाकी २०० बारला भरलेली असेल तर एका भरणीमागे तिचा दाब सुरुवातीला साधारण १ बारने आणि पुढे त्याहूनही कमी उतरतो. ती १४० बारला येईपर्यंत सत्तरच्या वर भरण्या निघतात आणि १४० बारलाही पिस्तुलाला एका स्पर्धेपुरती हवा मिळते. टाकीवर जलदाब चाचणीची तारीख कोरलेली असते. ती पाहिल्याशिवाय टाकी घेऊ नका आणि चाचणीची मुदत उलटलेली टाकी कुणी भरून देत असेल तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. दाबाच्या सिलिंडरांसाठी आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि त्यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे आहे. बारा व्होल्टवर चालणारे छोटे विजेचे कॉम्प्रेसर मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो. ते चालतात, पण लवकर तापतात, आणि तापलेल्या यंत्रातून येणारी हवा ओली असते.

टाकी कुठे भरावी, याबद्दल ठामपणे सांगतो. अग्निशमन दलाच्या जवानांचे श्वसनसंच भरून देणारे विक्रेते असतात; त्यांच्याकडची श्वसनयोग्य कोरडी हवा आपल्या कामाची असते. औद्योगिक वसाहतीतल्या गॅस विक्रेत्याकडे गेलात तर नायट्रोजन चालतो, तो कोरडा आणि निष्क्रिय असतो, मात्र मोकळ्या हवेशीर जागेतच हाताळावा. ऑक्सिजन कोणत्याही परिस्थितीत नको. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका विक्रेत्याने माझ्यासमोर ऑक्सिजनच्या सिलिंडरला नळी जोडायला घेतली आणि मी थांबवल्यावर म्हणाला, "साहब, सब एक ही है." सगळे एक नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा किंवा ग्रीसचा एक अंशही पेट घेऊ शकतो, आणि तो स्फोट नेमबाजाच्या हातात, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होतो. सिलिंडरच्या रंगावर विसंबू नका. त्यावरचे नाव स्वतः वाचा आणि भरणाऱ्याला तोंडी विचारा. याच कारणासाठी पंपात किंवा भरण्याच्या जोडणीत शिवणयंत्राचे तेल, गाडीचे ग्रीस, खोबरेल असे काहीही घालू नये. ओ-रिंगला (जोडातून हवा गळू न देणाऱ्या रबरी कडीला) चालते ते फक्त सिलिकोन ग्रीस, तेही बोटाला जेमतेम चमक येईल इतकेच.

ओलाव्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण स्वस्तात हवा भरणाऱ्यांची सर्वात महाग चूक इथेच होते आणि ती मी स्वतः केली आहे. जुलैत इंदूरला पावसाची झड लागली की एक घनमीटर हवेत वीस ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. १३ लिटर हवेबरोबर पाव ग्रॅमहून थोडे जास्त, म्हणजे पाच-सहा थेंब पाणी पंपात शिरते. हवा दोनशेपट दाबली की त्या वाफेला राहायला जागा उरत नाही आणि जवळजवळ सगळीचे पाणी होते. त्यातले काही पंपाच्या स्क्रूतून निघते, उरलेले सिलिंडरमध्ये जाते. एका पावसाळ्यात मी गाळणीशिवाय रोज पंप मारला. दिवाळीनंतर वेग खालीवर होऊ लागला, तेव्हा रेग्युलेटर वर्तमानपत्रावर उघडला. वाट्यांसारख्या पोलादी चकत्यांची चळत असते, तिच्यामधून गंजाचे तपकिरी पाणी कागदावर पसरले. दोन चकत्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि सीटच्या, म्हणजे हवा अडवणारा भाग जिथे टेकतो त्या बैठकीच्या, पांढऱ्या प्लास्टिकवर केसाएवढी एक आडवी रेघ पडली होती. त्या रेघेतूनच दाब सरकत होता. दुरुस्तीला जे पैसे गेले, त्यात चांगली कोरडी करणारी गाळणी दोनदा आली असती.

म्हणून पंपाबरोबर सिलिका जेलची गाळणी पहिल्या दिवशीच घ्या. दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर जाड तव्यात किंवा ओव्हनमध्ये कोरडे करता येतात. तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. शक्य असेल तेव्हा कोरड्या दुपारी भरा. एप्रिलमध्ये ऊन चाळीसच्या जवळ असले तरी हवेतले पाणी जुलैच्या निम्म्याहूनही कमी असते. उन्हाळ्याचा धोका वेगळा आहे. पंचवीस अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर बंद मोटारीत साठ अंशाला तापला तर दाब २२३ बारच्या वर जातो. मे महिन्यात पिस्तुलाची पेटी डिकीत ठेवून राजवाड्यावर खरेदीला जाऊ नये. टाकीवरून भरतानाही झडप अगदी थोडी उघडा. भसकन भरले की हवा तापते, दाबमापक २०० दाखवतो आणि सिलिंडर थंड झाल्यावर काटा बराच खाली आलेला दिसतो.

गळती शोधायला कोणत्याही यंत्राची गरज नाही. भांडी घासण्याच्या साबणाचे दाट पाणी मऊ ब्रशने लावा आणि पाच मिनिटे थांबून पाहा. बुडबुडा सिलिंडरच्या जोडापाशी आला तर तिथली ओ-रिंग गेली आहे. पिस्तुलाच्या नळीच्या तोंडावर साबणाचा पडदा धरला आणि तो फुगू लागला, तर आतली सुटण्याची झडप नीट बसत नाही. तिथे पुष्कळदा धुळीचा कण अडकलेला असतो आणि पूर्ण दाबावर, गोळी न घालता, सुरक्षित दिशेला चार-पाच वेळा पिस्तूल चालवले की तो निघून जातो. ओ-रिंग घेताना जुनी रिंग घेऊन सियागंजच्या बाजारात हायड्रॉलिक सील विकणाऱ्याकडे जा. आतला व्यास आणि जाडी दोन्ही मोजून घ्या आणि दाबाच्या ठिकाणासाठी ९० शोअर (शोअर हे रबराच्या कठीणपणाचे माप) कठीणतेची नायट्राइल रबराची रिंग मागा. ७० ची मऊ रिंग दिसायला तशीच असते, पण २०० बारला ती फटीत ओढली जाऊन कापली जाते. डझनभर रिंगांना फार पैसे पडत नाहीत, तेवढ्या एका डबीत ठेवा. कोणताही भाग उघडण्याआधी सिलिंडर काढा आणि पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून आत उरलेली हवा संपेपर्यंत गोळी न घालता ते चालवा. हे काम मुलीने एकटीने करू नये. रेग्युलेटर उघडण्याची वेळ आलीच, तर चकत्या कोणत्या बाजूने ठेवल्या आहेत याचे फोनवर छायाचित्र घेऊनच त्या उचला; एक चकती उलटी बसली की दाब बदलतो.

यानंतर जुळणीचे जे काम उरते, ते मोजण्याचे आहे. कुणाकडून तरी एका दिवसासाठी क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारे यंत्र, मागून आणा, विकत घेऊ नका. एकाच डबीतल्या गोळ्या वापरून दहा वेग लिहा, मग दहा मिनिटे थांबा आणि पुढचे तीन लिहा. दहांमधला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेग यांत ३ मीटरपर्यंत फरक असेल तर पिस्तूल निरोगी आहे. थांबल्यानंतरचा पहिला आकडा ठळक उंच आला, तरच रेग्युलेटरची सीट बदलण्याचा विचार करा. रेग्युलेटर नसलेल्या स्वस्त पीसीपी पिस्तुलांची गोष्ट वेगळी असते. त्यांत पूर्ण भरल्यावर झडप दाबाखाली जड उघडते आणि वेग कमी येतो, मग तो वाढतो, काही गोळ्या स्थिर राहतो आणि पुन्हा उतरतो. तिथे पन्नास गोळ्यांचे वेग लिहून स्थिर टप्पा कोणत्या दाबाला सुरू होतो ते शोधायचे आणि त्याच दाबापर्यंत भरायचे.

ट्रिगरचा नियम किमान ५०० ग्रॅमचा आहे. तो ५१० ते ५२० च्या दरम्यान ठेवा, म्हणजे तपासणीत वजन उचलताना शंका राहणार नाही. नळी उभी धरून वजन लटकवायचे असते. किराणा दुकानातले अर्धा किलोचे वजन आणि त्याला बांधलेली दोन नाणी एवढ्यावर घरी चाचणी होते. वापरलेल्या पिस्तुलात यांत्रिक (इलेक्ट्रॉनिक नसलेला) ट्रिगर असेल तर त्याला कमी लेखू नका. भारी यंत्रही ऐन वेळी दगा देऊ शकते: टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, वेळ गेला, आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिनेच पुढे २०२४ मध्ये पॅरिसला याच प्रकारात कांस्यपदक मिळवले. साधे, घरच्या घरी तपासता येणारे यंत्र शिकणाऱ्या मुलीच्या हाती असणे हा फायदाच आहे.

ग्रिप आधीच्या मालकाच्या हाताची असणार. तळहाताची खालची पट्टी मुलीच्या तळहाताच्या खालच्या कडेला घट्ट टेकेल इतकी वर घ्या, अंगठ्यामागे पोकळी राहत असेल तर लाकडाची पुट्टी भरा आणि सुकल्यावर ती बारीक काचकागदाने थोडी थोडी उतरवा. प्रत्येक वेळी तिने डोळे मिटून पिस्तूल उचलावे आणि मग डोळे उघडावेत. फोरसाइट खाचेच्या मधोमध दिसत नसेल तर ग्रिप अजून चुकते आहे. या कामाला दोन रविवार द्या. मी पाहिलेल्या जुन्या पिस्तुलांत सर्वांत जास्त गुण याच दोन रविवारांनी वाढवले आहेत. आणि रोजचा निम्मा सराव हवा न वापरता, ड्राय फायरच्या बटणावर, कोऱ्या भिंतीसमोर करू द्या. त्याला ना पंप लागतो ना गोळी.

सिलिंडर कधीही पूर्ण रिकामा ठेवू नका, आत थोडा दाब राहिला की सील जागेवर बसलेली राहतात आणि बाहेरचा ओलावा शिरत नाही. पिस्तूल ४.५ मिलिमीटरचे आहे आणि त्याची ऊर्जा साडेपाच-सहा ज्यूलच्या आसपास, म्हणजे परवान्यासाठीच्या २० ज्यूलच्या मर्यादेच्या खूपच आत आहे. तरीही खरेदीचे कागद पेटीत ठेवा. गोळ्या शिशाच्या असतात, सरावानंतर हात धुतल्याशिवाय मुलीने काही खाऊ नये.

पुढच्या आठवड्यात मला तीन गोष्टी लिहून कळवा: सिलिंडरवरची तारीख, दहा गोळ्यांचे वेग आणि थांबल्यानंतरच्या तीन गोळ्यांचे वेग. त्यावरून रेग्युलेटर उघडायचा की नाही ते आपण ठरवू. तोपर्यंत हॅमरच्या स्क्रूला पाना लावू देऊ नका.